दोन टोप्या

गेल्या कोजागिरीस येथील महाराष्ट्र मंडळाच्या गच्चीवर नेहमीप्रमाणे दूध आटत होते आणि नेहमीप्रमाणेच गप्पांना रंग चढला होता. परप्रांतात उभी नोकरी काढलेल्या मंडळींच्या गप्पा अखेरीस तीन विषयांवर येऊन ठेपतात : मुलांची लग्ने, गुडघ्यांचे दुखणे आणि पेन्शन. त्या रात्री तिसऱ्या विषयास आरंभ होतो न होतो तोच आमच्या एका जुन्या शेजाऱ्यांचे चिरंजीव तेथे आले. सरकारी वसाहतीत आमच्या डोळ्यांदेखत लहानाचे मोठे झालेले हे गृहस्थ आज साठीच्या घरात आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ ते अमेरिकेत वकिली करीत आहेत आणि आता स्वतःच निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. कोणी तरी विचारले, "वकिली कसली? फौजदारी की दिवाणी?" ते म्हणाले, "कंपन्यांची. शेअरचा भाव कोसळला म्हणून भागधारक खटले भरतात, किंवा निवृत्तिनिधीचा घोटाळा झाला म्हणून कामगार कंपनीला कोर्टात खेचतात. अशा वेळी मी कंपनीच्या बाजूनं उभा राहतो."

रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे आप्पा त्या वेळी दुधाचा पेला तोंडाला लावीत होते. तो खाली ठेवून त्यांनी विचारले, "म्हणजे तू पेन्शनवाल्यांच्या विरुद्ध लढतोस?"

प्रश्नात राग नव्हता. निखळ कुतूहल होते. म्हणूनच तो अधिक लागला असावा. वकील महाशय हसले आणि म्हणाले, "तसं म्हटलं तर तसं, आप्पा." मग विषय पालटला, चंद्र वर आला, दूध संपले. परंतु आमच्या मनातून तो प्रश्न गेला नाही. आणि दुसऱ्या दिवशी निरोप घेण्यासाठी ते आमच्या घरी आले तेव्हा त्यांच्याही मनातून तो गेला नव्हता, असे दिसून आले. त्या दिवशी दोन तास जे बोलणे झाले, आणि त्यानंतर कित्येक दिवस आमच्याच मनाशी जो वाद चालला, त्याचे सार वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. दुसऱ्याच्या बाजूने बोलणे हा ज्यांचा धर्म आहे, त्यांची सदसद्विवेकबुद्धी कोणत्या क्षणी स्वतःच्या बाजूने बोलू लागली पाहिजे, हा तो प्रश्न होय. तो केवळ वकिलांचा नाही. सरकारच्या वतीने सही करणाऱ्या आम्हां सर्वांचा तो आहे.

प्रथम हे खटले काय असतात ते पाहू. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि लक्षावधी लोकांची पुंजी बुडाली. त्यातून १९३३ व १९३४ साली रोख्यांच्या व्यवहारांविषयी दोन कायदे झाले. भागभांडवल विकू पाहणाऱ्याने सत्य सांगावे, महत्त्वाची गोष्ट दडवू नये, हा त्यांचा गाभा. १९४२ साली त्यांखाली एक नियम झाला, आणि फसवणुकीबद्दल फिर्याद करण्याचा मार्ग त्यातून पुढे रुंद होत गेला. १९६६ साली दिवाणी कार्यपद्धतीत दुरुस्ती होऊन, सारख्याच रीतीने नाडल्या गेलेल्या हजारो लोकांच्या वतीने एकाने दावा लावण्याची सोय अधिक व्यापक झाली. १९८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, कंपनीचे खोटे निवेदन प्रत्येक भागधारकाने स्वतः वाचले होते हे सिद्ध करण्याची गरज नाही; खुल्या बाजारातील भावातच ते असत्य मुरलेले असते. एवढे झाल्यावर शेअरचा भाव एका दिवसात घसरला की आठवड्याच्या आत दावा उभा राहू लागला.

दुसरा प्रवाह पेन्शनचा. इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी स्टुडबेकर नावाची मोटारी बनविणारी जुनी कंपनी होती. तिचा आरंभ १८५२ साली घोडागाड्यांपासून झाला होता. १९६३ च्या डिसेंबरात तिने तेथील कारखाना बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि निवृत्तिनिधीत पुरेसा पैसा नाही हे उघड झाले. साठी गाठलेल्या सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ वयाच्या सुमारे ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या अवघे १५ टक्के हाती आले. उरलेल्यांना काहीच नाही. कोणी चोरी केली नव्हती. वचन दिले गेले होते, पैसा मात्र बाजूला ठेवला गेला नव्हता. या घटनेची आठवण दहा वर्षे धुमसत राहिली आणि २ सप्टेंबर १९७४ रोजी, तेथील कामगारदिनी, अध्यक्ष फोर्ड यांनी एका मोठ्या कायद्यावर सही केली. 'एरिसा' या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. निवृत्तिनिधी हाताळणारा हा विश्वस्त आहे, त्याने केवळ लाभार्थ्यांच्याच हितासाठी आणि जाणत्या, सावध माणसाच्या काळजीने वागले पाहिजे, हे त्याचे मर्म.

पुढे दोन्ही प्रवाह एकत्र आले. १९७८ च्या करकायद्यात एक कलम घातले गेले आणि त्यातून कामगाराच्या स्वतःच्या नावाचे निवृत्तिखाते उदयास आले. पूर्वी ठरीव पेन्शनचे वचन असे आणि बाजाराचा धोका कंपनीच्या शिरावर असे. आता खाते कामगाराचे आणि धोकाही त्याचाच. पुष्कळांच्या खात्यांत त्यांच्याच कंपनीचे शेअर भरलेले असत. एन्रॉन कंपनीचे नाव महाराष्ट्रास दाभोळमुळे पुरते ठाऊक आहे. ऑगस्ट २००० मध्ये तिचा शेअर सुमारे ९० डॉलरवर होता. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळे जाहीर केले तेव्हा तो एका डॉलरच्याही खाली गेला होता. तिच्या कामगारांच्या निवृत्तिखात्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम त्याच शेअरात अडकलेली होती. आणि ऐन घसरणीच्या काळात, खात्यांचे व्यवस्थापन बदलत असल्याच्या कारणाने, काही आठवडे त्यांना ते शेअर विकताही येत नव्हते. नोकरी गेली आणि म्हातारपणाची बेगमीही त्याच दिवसांत गेली.

अशा खटल्यांत दुसऱ्या बाजूस उभे राहण्यात तीस वर्षे घालविलेला माणूस आमच्यासमोर चहा पीत बसला होता. त्याचे म्हणणे आम्ही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कारण ते पोकळ नव्हते.

पहिली गोष्ट ते म्हणाले ती अशी की, भाव पडणे आणि फसवणूक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धंद्यात बुद्धी चुकते, अंदाज फसतात. मागे वळून पाहणाऱ्यास प्रत्येक खड्डा दिसतो. चालणाऱ्यास तो दिसलाच होता असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट, कंपनीने दिलेली भरपाई येते कोठून? बहुधा विम्यातून आणि कंपनीच्या तिजोरीतून. तिजोरी कोणाची? आजच्या भागधारकांची. म्हणजे कालच्या भागधारकांना आजचे भागधारक पैसे देतात, त्यांत पुन्हा शिक्षकांचे आणि पोलिसांचे पेन्शन-निधी असतात, आणि मध्ये वकील आपला वाटा काढून घेतात. ज्या संचालकाने खोटे सांगितले त्याच्या खिशास पुष्कळदा धगही लागत नाही. तिसरी गोष्ट, फिर्यादीचे वकील म्हणजे सगळेच काही गरिबांचे कैवारी नव्हेत. ऊठसूट होणाऱ्या दाव्यांना आळा घालण्यासाठी १९९५ साली तेथील काँग्रेसने अध्यक्ष क्लिंटन यांचा नकाराधिकार डावलून कायदा केला. आणि २००६ साली अशाच दाव्यांत अग्रगण्य असलेल्या एका पेढीवर, नावापुरते वादी म्हणून उभे राहणाऱ्यांना चोरून पैसे चारल्याचा आरोप ठेवला गेला. तिच्या बड्या भागीदारांनी पुढे गुन्हा कबूल केला व तुरुंगवास भोगला. चौथी गोष्ट सर्वांत वजनदार होती. "काका," ते म्हणाले, "तिथं कोणत्याही मालकावर निवृत्तियोजना काढायची सक्ती या कायद्यानं केलेली नाही. योजना काढणं ही त्याची मर्जी. काढली की मात्र विश्वस्ताचं ओझं येतं. प्रत्येक चुकीला कोट्यवधींचा दावा लागू लागला, तर उद्या मालक योजनाच काढणार नाही. मग आप्पांसारख्यांचा कैवार घेतल्याचं समाधान कोणाला मिळेल?"

आणि या सर्वांच्या मागे वकिली व्यवसायाचे जुने तत्त्व उभे आहेच. १८२० साली इंग्लंडच्या राणी कॅरोलाइनचा बचाव करताना ब्रूम याने उमरावांच्या सभेस निक्षून सांगितले होते की, आपले कर्तव्य बजावीत असता वकिलास जगात एकच व्यक्ती माहीत असते, ती म्हणजे त्याचा पक्षकार. तिला वाचविताना राष्ट्रात गोंधळ माजला तरी त्याने मागे हटू नये. न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकाव्यात असे आपण म्हणतो. पण दुसरी बाजू बोलावयास कोणी उभेच राहिले नाही तर तो काय ऐकणार? रामशास्त्र्यांच्या निःस्पृहतेचा आपण अभिमान बाळगतो. परंतु रामशास्त्री न्यायासनावर होते. न्यायासन निःपक्षपाती राहावे म्हणूनच समोरच्या दोघांना पक्षपाती होण्याची मुभा असते. वकिलाकडून न्यायाधीशाच्या वृत्तीची अपेक्षा करणे म्हणजे निकाल कोर्टाबाहेर लावण्यासारखे आहे.

हे सारे ऐकल्यावर आम्हांस कबूल करावे लागले की, आप्पांचा प्रश्न जितका सरळ दिसतो तितका तो नाही. पेन्शनवाल्यांच्या विरुद्ध उभा राहणारा प्रत्येक वकील पेन्शनच्या विरुद्ध असतो असे नाही. तथापि समाधान झाले नाही. ब्रूमचे तत्त्व राजसत्तेपुढे एकट्या पडलेल्या माणसासाठी मांडले गेले. समोर राजा, त्याचे मंत्री, त्याचा खजिना. आणि बचावास एक वकील. त्या ठिकाणी ते शोभते. येथे चित्र उलटे आहे. बलाढ्य कंपनीपाशी वकिलांचे पथक आहे, आणि समोर निवृत्त कातारी आहे, ज्यास आपल्या खात्याचे विवरणपत्र नीट वाचताही येत नाही. बलवंतास बचावाचा हक्क नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तत्त्वाचे जे तेज दुर्बलाच्या रक्षणातून आले, ते उसने घेऊन बलवंताने मिरवू नये, एवढे तर म्हणता येईल.

येथे आमच्या स्नेह्यांनी एक खटला सांगितला. तो त्यांचा नव्हता. परंतु त्यांच्या क्षेत्रात तो सर्वांस पाठ असतो. शेतीची यंत्रे बनविणाऱ्या व्हॅरिटी कंपनीने १९८६ साली आपले तोट्यातील विभाग एकत्र करून एक नवी कंपनी काढली. कामगारांची सभा घेऊन त्यांना सांगितले की, नव्या कंपनीत बदली घ्या, तुमचे लाभ सुरक्षित राहतील. सुमारे दीड हजार लोक त्या शब्दावर गेले. वस्तुतः ती नवी कंपनी जन्माच्या दिवसापासूनच दिवाळखोर होती, आणि दुसऱ्या वर्षी तिचा कारभार दुसऱ्यांच्या ताब्यात गेला. लाभ बुडाले. खटल्यात कंपनीचा बचाव असा होता की, एकाच मालकाच्या डोक्यावर दोन टोप्या असतात : एक मालकाची, एक विश्वस्ताची. धंद्याच्या भवितव्याविषयी आम्ही जे बोललो ते मालकाच्या टोपीत बोललो. विश्वस्ताने खरे बोलावे हा नियम त्या टोपीस लागू नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा बचाव फेटाळला. लाभ सुरक्षित राहतील, असे जेव्हा तुम्ही कामगारांना सांगत होता, तेव्हा तुमच्या डोक्यावर विश्वस्ताचीच टोपी होती, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

दोन टोप्यांचा हा सिद्धान्त अमेरिकन कायद्यात खोटा मानला जात नाही. योग्य जागी तो खराच आहे. कारखाना कोठे काढावा हे मालकाने विश्वस्त म्हणून ठरवावयाचे नसते. परंतु मराठीत टोपी घालणे याचा अर्थ काय होतो हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. आम्ही तो अर्थ बोलून दाखविताच वकील महाशय मोठ्याने हसले, आणि लगेच गंभीर झाले. ते म्हणाले, "काका, मला हरलेल्या खटल्यांची खंत नाही. जिंकलेल्या दोन-तीन खटल्यांची आहे." कोणते ते त्यांनी सांगितले नाही. पक्षकाराचे गुपित मरेपर्यंत सांभाळावयाचे असते. आम्हीही विचारले नाही. कारण त्याच क्षणी आम्हांस आमचा स्वतःचा एक जिंकलेला खटला आठवला.

तो येथे सांगणे प्राप्त आहे. आम्ही ज्या कार्यालयात होतो त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तशी कार्यालये या देशात हजारो आहेत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एका मृत शिपायाच्या विधवेने कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी न्यायाधिकरणात अर्ज केला. पती वारून बारा वर्षे झाली होती. सरकारी वकिलास पाठविण्याचे परिच्छेदनिहाय अभिप्राय तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही त्यात एक वाक्य लिहिले : अर्जदाराने विलंबाचे कोणतेही समाधानकारक कारण दिलेले नाही. वाक्य खरे होते. तिच्या अर्जात तसे कारण नव्हतेच. निरक्षर बाई, तिच्या वकिलानेही ते विचारले नसावे. परंतु आवक नोंदवही चाळताना आमच्या दृष्टीस एक नोंद पडली होती. पतीच्या मृत्यूनंतर चार महिन्यांच्या आतच तिचा अर्ज आमच्या कार्यालयात पोचला होता. सेवापुस्तक सापडत नव्हते म्हणून तो कोणत्या तरी गठ्ठ्यात पडून राहिला. आम्ही त्या नोंदीविषयी खोटे लिहिले नाही. आम्ही तिच्याविषयी काहीच लिहिले नाही.

निकाल तिच्या बाजूने लागला. दावा दर महिन्यास नव्याने उत्पन्न होणारा असल्याने पुढील निवृत्तिवेतन मंजूर झाले. मात्र थकबाकी, विलंबामुळे, अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळाली. उरलेली नऊ वर्षे आमच्या त्या एका वाक्याने गिळली. सरकारचे पैसे वाचले, म्हणून साहेबांनी शाबासकी दिली, आणि आम्ही ती घेतली.

त्या वेळी आम्ही स्वतःस काय सांगितले? हेच की, आम्ही प्रतिवादीचे आहोत. अर्जदाराची बाजू मांडणे हे तिच्या वकिलाचे काम. म्हणजे तीच दोन टोप्यांची युक्ती. पेन्शन मंजूर करणारे कार्यालय म्हणून आम्ही तिचे विश्वस्त होतो. खटला येताच आम्ही प्रतिवादीची टोपी चढविली आणि विश्वस्ताची खुंटीला टांगली. १९८२ च्या डिसेंबरात आमच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे, असे स्पष्ट सांगितले होते. तो निकाल आमच्या टेबलावरील संग्रहात होता. आम्ही इतर टिपणांत त्याचा आधारही देत असू.

गांधीजींनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतील आपल्या वकिलीचा एक प्रसंग सांगितला आहे. हिशेबात त्यांच्या पक्षकाराच्या फायद्याची एक चूक राहून गेली होती. ज्येष्ठ वकिलाचे मत पडले की, आपण होऊन ती दाखविण्याचे कारण नाही. गांधीजींनी पक्षकारास समजावून ती कबूल करावयास लावली, स्वतः न्यायालयापुढे उभे राहून ती सांगितली, आणि तरीही खटला जिंकला. आम्ही शाळेपासून हा प्रसंग जाणत होतो. आवक नोंदवही मिटताना तो आठवला नाही, एवढेच.

हे सारे आम्ही आमच्या स्नेह्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी जे विचारले ते वकिलासच सुचावे असे होते. "पण काका, तुमच्या जागी मी असतो आणि माझा पक्षकार खासगी असता, तर ती नोंद आपण होऊन उघड करायला मी बांधील नव्हतो. कोर्टाशी खोटं बोलायचं नाही, मागितलेला कागद दडवायचा नाही, पुरावा नष्ट करायचा नाही, हे माझ्यावर बंधन. समोरच्याच्या वकिलानं न मागितलेली गोष्ट त्याच्या हातात नेऊन ठेवायची, हे बंधन नाही. तसं असतं तर कुठला पक्षकार वकिलाला मन मोकळं करून सांगेल?"

म्हणणे बरोबर होते. आमच्या मते येथेच या प्रश्नाची किल्ली आहे. दोघांच्या कृतीतील फरक वकील आणि अधिकारी यांच्या व्यवसायात नाही. तो पैसा कोणाचा होता यात आहे. स्वतःच्या पैशासाठी भांडणाऱ्याच्या वकिलाने न विचारलेले न सांगणे क्षम्य आहे. पण जो दुसऱ्याची ठेव सांभाळतो, तो ठेवीविषयीच्या भांडणात ठेवीदाराचा परका शत्रू होऊ शकत नाही. सरकार पेन्शनधारकाच्या बाबतीत तसे आहे. आणि निवृत्तिनिधीची विश्वस्त असलेली कंपनीही, त्या निधीपुरती, तशीच आहे. गंमत अशी की अमेरिकन कायद्यास हे सर्वस्वी अमान्य नाही. वकील आणि पक्षकार यांच्यातील गुप्तता तेथे मोठ्या निष्ठेने पाळली जाते. तथापि निधीच्या कारभाराविषयी विश्वस्ताने घेतलेला वकिली सल्ला लाभार्थ्यांपासून लपविता येत नाही, असे तेथील अनेक न्यायालये मानतात. खटला अंगावर आल्यानंतर स्वतःच्या बचावासाठी घेतलेला सल्ला मात्र गुप्त राहतो. म्हणजे कारभारापुरता तो वकील एका अर्थाने त्या निवृत्त कातार्‍याचाही वकील असतो, हे कायद्यानेच ओळखले आहे.

या दृष्टीने भागधारकांचे खटले आणि निवृत्तिनिधीचे खटले एका मापाने मोजता येणार नाहीत. शेअर घेणारा डोळे उघडे ठेवून बाजारात उतरतो. त्याला सत्य सांगितले जावे हा त्याचा हक्क, पण नफा हा त्याचा हक्क नव्हे. तेथे कंपनीचा बचाव करणाऱ्या वकिलाने हिरिरीने भांडावे, आमची तक्रार नाही. निवृत्तिनिधीत मात्र माणूस बाजारात उतरलेला नसतो. त्यास तेथे नेऊन बसविलेले असते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला इंटेल कंपनीचा खटला पाहावा. विश्वस्ताच्या चुकीचे ज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत दावा आणावा, नाही तर सहा वर्षांची मुदत, असा नियम आहे. कंपनीचे म्हणणे होते की, गुंतवणुकीची सारी माहिती आम्ही कामगारास वेळोवेळी पाठविली होती, अर्थात ती त्यास ठाऊक होती. कामगार म्हणाला, कागद आले असतील, मी ते वाचल्याचे मला स्मरत नाही. न्यायालयाने एकमताने ठरविले की, ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष ज्ञान. कागद पाठविणे म्हणजे ज्ञान करून देणे नव्हे. सरकारी नोकरीत ज्यांनी परिपत्रके काढली आहेत त्यांनी हा निकाल आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावा. "परिपत्रक पाठवले होते" या तीन शब्दांच्या आड आम्ही आयुष्यभर किती वेळा उभे राहिलो असू!

ही चर्चा दूरच्या देशाची म्हणून सोडून द्यावी असेही आता राहिलेले नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत आलेल्यांना, सैन्यदले वगळता, ठरीव पेन्शनऐवजी बाजारावर अवलंबून असलेली योजना लागू झाली. १ एप्रिल २०२५ पासून निश्चित रकमेची हमी देणारा पर्याय पुढे ठेवण्यात आला, हा भाग निराळा. म्हणजे आमच्या मागून आलेली पिढी एकाच वेळी नोकरदारही आहे आणि गुंतवणूकदारही. २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. अमेरिकेच्या बाजारात तिचे रोखे घेतलेल्यांच्या दाव्यात २०११ साली कंपनीने १२.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. हैदराबादेतील किंवा पुण्यातील छोट्या भागधारकापाशी तशा सामुदायिक दाव्याचे साधनच नव्हते. २०१३ च्या कंपनी कायद्यात ते आले आणि २०१६ पासून अमलात आले. फिर्यादीच्या यशावर वकिलाने फी ठरविणे आपल्याकडे निषिद्ध आहे. त्यामुळे अमेरिकेतील दुर्गुण आपल्याकडे येणार नाहीत, आणि तेथील गरिबास मिळणारी धारदार वकिलीही सहजी येणार नाही. असे खटले येथे आज विरळा आहेत. उद्या ते वाढले, तर त्यांत दोन्ही बाजूंस आपलीच मुले उभी असतील.

त्यांना आम्ही काय सांगावे? कंपनीची बाजू घेऊ नका, असे नव्हे. कंपनीसही बाजू असते आणि खोट्या दाव्याने कारखाना बुडाला तर पहिला बळी कामगाराचाच पडतो. आमचे सांगणे एवढेच की, आपल्या कौशल्याने न्यायालयापुढील सत्य अधिक स्पष्ट झाले की ते न्यायालयाच्या हाती लागेनासे झाले, हा प्रश्न प्रत्येक जिंकलेल्या खटल्यानंतर स्वतःस विचारावा. ज्या विश्वस्ताचे तुम्ही वकील आहात त्यास खटल्यापूर्वीच, बंद दाराआड, नको असलेला सल्ला देण्याचे धैर्य असावे. कामगारांच्या सभेत खोटे सांगू नका, असे बजावणारा वकील वेळेवर मिळाला असता तर दीड हजार कुटुंबे वाचली असती, आणि तो खटला कोणास पाठ करावा लागला नसता. बचावाच्या वकिलाची सर्वांत मोठी कामगिरी कधीच कोर्टात दिसत नाही.

निघताना वकील महाशय आमच्या पाया पडले. दारात उभे राहून ते म्हणाले, "आप्पांना सांगा, मी त्यांच्या विरुद्ध लढलो नाही असं मला म्हणता येत नाही. पण काही वेळा माझ्याच पक्षकाराशी त्यांच्यासाठी भांडलो आहे. त्या भांडणांची नोंद कुठंच नाही." आम्ही आप्पांना तसे सांगितले. आप्पा म्हणाले, "बरं केलं पोरानं," आणि वर्तमानपत्र वाचू लागले.

आमची नोंद मात्र आहे. ती त्या आवक नोंदवहीत आहे, वहीच नष्ट केली नसेल तर. त्या बाईंना आम्ही कधी पाहिले नाही. कागदोपत्रीचे त्यांचे नाव आम्हांस आजही आठवते आणि ते येथे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. जे वाचक अजून सेवेत आहेत, त्यांच्या टेबलावर एखादे दिवशी अशीच एखादी फाइल येईल आणि वर चिठ्ठी असेल की अभिप्राय तातडीने पाठवावेत. त्या वेळी पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी आवक नोंदवही मागवून घ्यावी. आणि तीत जे सापडेल ते अभिप्रायात लिहावे. साहेब शाबासकी देणार नाहीत. निवृत्तीनंतरच्या कोजागिरीस दूध मात्र गोड लागेल.